शंभर अंश हा पाण्याचा स्वभाव नाही

पदार्थ द्रव कधी असतो आणि त्याचा वायू कधी होतो, याबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत दिसते : प्रत्येक पदार्थाचं एक तापमान ठरलेलं असतं, त्याच्या खाली तो द्रव आणि वर वायू. ही समजूत अगदीच खोटी नाही, पण इतकी अर्धी आहे की तिच्यामुळे रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीही कोड्यात टाकतात. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं असं शाळेत शिकलो. मग 25 अंशांच्या खोलीत टाकलेला ओला कपडा वाळतो कसा? त्यातल्या पाण्याची वाफ व्हायला 100 अंश लागत नाहीत का?

लागत नाहीत. वाफ होणं आणि उकळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक नीट समजला तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

तापमानावरून रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा कळते. एका एका रेणूची ऊर्जा त्यावरून कळत नाही. वर्गाचे सरासरी गुण 50 आले, तरी त्या वर्गात 95 गुणांची दोन-चार मुलं असतातच. 25 अंशांच्या पाण्यातही काही रेणू असेच सरासरीच्या खूप पुढे असतात. असा एखादा रेणू पृष्ठभागाशी असला आणि त्याची दिशा वर असली, तर तो शेजारच्या रेणूंची ओढ तोडून हवेत निघून जातो. यालाच बाष्पीभवन म्हणतात. ते प्रत्येक तापमानाला चालू असतं. तापमान वाढलं की मर्यादा ओलांडणाऱ्या रेणूंची संख्या वाढते, म्हणून कपडा उन्हात लवकर वाळतो.

सर्वाधिक गुणांची मुलं वर्गातून निघून गेली की उरलेल्यांची सरासरी खाली येते. पाण्यातून जास्त ऊर्जेचे रेणू गेले की मागे राहिलेलं पाणी गार होतं. घाम वाळताना अंगाला जो गारवा जाणवतो, तो यामुळेच.

कपडा वाळण्याची गती एकट्या पाण्यावर अवलंबून नसते. हवेत आधीच असलेले पाण्याचे रेणू कपड्यावर आदळून परतही येत असतात. जाणारे जास्त असले तर कपडा वाळतो. जाणारे आणि येणारे सारखे झाले तर तो ओलाच राहतो, मग कितीही वेळ टांगून ठेवा. दमट हवेत कपडे न वाळण्याचं आणि वाऱ्यावर झटपट वाळण्याचं कारण हेच. वारा कपड्याजवळची दमट हवा हटवतो आणि परत येणाऱ्या रेणूंची संख्या घटते.

बंद भांड्यात जाणारे आणि येणारे रेणू लवकरच समसमान होतात. त्या वेळी वाफेचा जो दाब असतो त्याला बाष्पदाब म्हणतात. पाण्याचा बाष्पदाब 20 अंशांना सुमारे 23 मिलिबार, 50 अंशांना सुमारे 123 मिलिबार आणि 100 अंशांना 1013 मिलिबार असतो. हा शेवटचा आकडा ओळखीचा वाटला असेल. समुद्रसपाटीला हवेचा प्रमाण दाब तेवढाच आहे, आणि 100 अंशांचं सगळं महत्त्व या योगातून आलं आहे. बाष्पदाब बाहेरच्या दाबाएवढा झाला की पाण्याच्या पोटात तयार झालेला वाफेचा बुडबुडा चेपला न जाता टिकतो आणि फुगतो. त्याआधी वाफ फक्त पृष्ठभागावरून सुटत होती, आता ती पाण्याच्या आत कुठूनही निघू लागते. उकळणं म्हणजे एवढंच.

याच उत्तरात एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. पारा 357 अंशांना उकळतो, म्हणून खोलीच्या तापमानाला त्याची वाफ होत नसेल असं अनेकांना वाटतं. होते. प्रमाण फार थोडं असतं, पण ती वाफ विषारी असते. पाऱ्याचा तापमापक फुटला तर खिडक्या उघडाव्यात, लहान मुलांना बाहेर न्यावं आणि थेंब व्हॅक्यूम क्लीनरनं किंवा झाडूनं गोळा करू नयेत. त्यानं पारा बारीक होऊन पसरतो आणि वाफ वाढते.

प्रश्न : पाणी उकळायला लागल्यावर आच मोठी केली तर ते आणखी तापतं का?

नाही. उघड्या भांड्यातलं पाणी खळखळून उकळत असो की जेमतेम उकळत असो, त्याचं तापमान तेच राहतं. मोठ्या आचेनं पाणी जास्त गरम होत नाही, लवकर आटतं.

मग दिलेली उष्णता जाते कुठे? रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या दशकात हे मोजून दाखवलं. उष्णता देत राहूनही तापमापकाचा पारा हलत नाही, म्हणून या उष्णतेला अप्रकट उष्मा हे नाव पडलं. आकडे पाहिले की तिचा मोठेपणा लक्षात येतो. एक किलो पाणी 0 वरून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 419 किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच 100 अंशांच्या पाण्याची 100 अंशांची वाफ करायला 2257 किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ साडेपाच पट. सगळं मिळून एक किलो पाण्याची सुमारे 1670 लिटर वाफ होते, त्यामुळे रेणू एकमेकांपासून किती लांब जातात याचा अंदाज येईल.

यातला उलटा प्रवास जास्त ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वाफ पुन्हा पाणी होताना ही सगळी ऊर्जा परत देते. 100 अंशांच्या पाण्यापेक्षा 100 अंशांच्या वाफेनं बसणारा चटका अधिक खोल असतो, कारण ती त्वचेवर पाणी होते आणि तो सगळा उष्मा तिथेच सोडते. किटलीच्या तोटीतून निघणारा पांढरा लोट आपण वाफ म्हणून दाखवतो. खरं तर तो वाफ गार होऊन बनलेल्या बारीक थेंबांचा असतो. तोटीच्या तोंडाशी काहीच दिसत नाही अशी बोटभर जागा असते, आणि खरी वाफ तिथे असते. हात तिथे नेऊ नका.

प्रश्न : उंच डोंगरावर पाणी लवकर उकळतं, पण अन्न शिजायला उशीर लागतो. हे उलटसुलट का?

यात उलटसुलट काही नाही. फक्त '100 अंश' हा आकडा मनातून थोडा वेळ बाजूला ठेवावा लागेल.

उंचावर हवा विरळ असते आणि तिचा दाब कमी असतो. बाष्पदाबाला गाठायची पातळीच खाली आलेली असते, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळतं. दर 300 मीटर उंचीला साधारण एक अंश कमी, असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एकतृतीयांश आहे आणि तिथे पाणी 70 अंशांच्या आसपास उकळतं. अन्न शिजतं ते तापमानामुळे, बुडबुड्यांमुळे नाही. तिथल्या उघड्या भांड्यातलं पाणी 70 अंशांच्या वर जाणारच नाही, मग शिजायला वेळ लागणं ओघानंच आलं. प्रेशर कुकर याच्या नेमकं उलट करतो. आतला दाब बाहेरच्या दुप्पट झाला की पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत द्रवच राहतं.

दाब आणखी कमी करत नेला तर? निर्वात पंप लावलेल्या काचेच्या भांड्यात 20 अंशांचं पाणी उकळताना दिसतं. खाली आच नसते आणि भांड्याला हात लावला तर ते गार लागतं. जमिनीपासून सुमारे 19 किलोमीटर उंचीवर हवेचा दाब 63 मिलिबारांपर्यंत उतरतो, आणि तिथे पाण्याचा उत्कलनबिंदू 37 अंश, म्हणजे माणसाच्या शरीराच्या तापमानाएवढा होतो. त्या उंचीवर उडणाऱ्या वैमानिकाला दाब राखणारा पोशाख किंवा केबिन लागते ती यासाठीच. नुसता ऑक्सिजन पुरत नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण समुद्राच्या तळाशी आहे. 1979 मध्ये पूर्व प्रशांत महासागरात सुमारे 2600 मीटर खोलीवर शास्त्रज्ञांना तळाच्या भेगांमधून उसळणारं गरम पाणी सापडलं. त्याचं तापमान 380 अंशांच्या घरात होतं. तरी ते उकळत नव्हतं, कारण वर अडीच किलोमीटरहून जास्त जाडीच्या पाण्याचा भार होता.

म्हणून माझा आग्रह असा की, उत्कलनबिंदू सांगताना दाबही सांगावा. '100 अंश' हा समुद्रसपाटीच्या हवेचा आणि पाण्याचा मिळून आलेला आकडा आहे. दाबाचा उल्लेख गाळून आपण मुलांना अर्धंच वाक्य पाठ करायला लावतो.

प्रश्न : मी नववीत आहे. एकाच खोलीत, एकाच तापमानाला नायट्रोजन वायू आहे, पाणी द्रव आहे आणि लोखंड घन आहे. तापमान सारखं असताना असं का? हलके रेणू वायू होतात आणि जड रेणू द्रव, असं आहे का?

तुझा अंदाज चांगला आहे, पण आधी त्याची परीक्षा घेऊ. पाण्याच्या रेणूचं वस्तुमान 18 आहे आणि नायट्रोजनच्या रेणूचं 28. म्हणजे पाण्याचा रेणू हलका असूनही पाणी द्रव आहे आणि नायट्रोजन वायू. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तर 44 चा आहे, तरी तोही वायूच. तेव्हा नुसत्या वजनानं हे सुटत नाही.

तापमान सारखं आहे याचा अर्थ तिन्ही ठिकाणी रेणूंची किंवा अणूंची चळवळ सारख्याच पातळीची आहे. वेगळी आहे ती त्यांची एकमेकांवरची ओढ. ओढ कमकुवत असेल तर थोडीशी चळवळही त्यांना दूर करायला पुरते, घट्ट असेल तर तीच चळवळ अपुरी पडते. नायट्रोजनच्या रेणूंची आपसातली ओढ इतकी क्षीण आहे की त्यांना द्रव ठेवायला उणे 196 अंशांपर्यंत थंड करावं लागतं. हेलियमच्या अणूंची त्याहून क्षीण, म्हणून तो उणे 269 अंशांनाही उकळतो. लोखंडाचे अणू धातुबंधानं जखडलेले असतात. ते वितळतंच 1538 अंशांना आणि उकळतं 2860 अंशांच्या आसपास. लोखंडाचा वायू होतो का असं तुला वाटलं असेल, तर हो, होतो. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 5500 अंश आहे आणि तिथे लोखंड वायुरूपातच आहे. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात लोखंडाच्या ठळक काळ्या रेषा दिसतात, त्यावरून हे ओळखता येतं.

आता तुझा वजनाचा अंदाज. एकाच कुळातले पदार्थ घेतले तर तो बराचसा जुळतो. फ्लोरिन उणे 188 अंशांना उकळतो, क्लोरिन उणे 34 ला, ब्रोमिन 59 ला आणि आयोडिन 184 ला. खाली जाऊ तसे रेणू मोठे होतात, त्यांच्यातले इलेक्ट्रॉन वाढतात आणि इलेक्ट्रॉनांच्या हालचालीतून उपजणारी ओढही वाढते. वजन त्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीनं वाढतं, इतकाच त्याचा संबंध.

पाणी मात्र या हिशेबात बसत नाही. त्याच्याच कुळातल्या हायड्रोजन सल्फाइडचा रेणू 34 चा, जवळजवळ दुप्पट जड, आणि तो उणे 60 अंशांनाच उकळतो. पाणी नियमाप्रमाणे वागलं असतं तर त्याहूनही खाली उकळलं असतं. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे हायड्रोजनची बाजू धनभारित होते आणि शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला धरून बसते. हा हायड्रोजन बंध. तो नसता तर पृथ्वीवरचं सगळं पाणी हवेत असतं. समुद्र, पाऊस, रक्त यांतलं काहीच नसतं. मला स्वतःला रसायनशास्त्रात याहून महत्त्वाची गोष्ट माहीत नाही, म्हणून तू ती आत्ताच नीट समजून घे.

प्रश्न : एलपीजी सिलिंडर हलवला तर आत द्रव डुचमळतो. सीएनजीच्या टाकीत त्याहून कितीतरी जास्त दाब असतो, तरी आत वायूच असतो. दाबानं वायूचा द्रव होतो ना?

होतो, पण एका अटीवर. त्या अटीचा शोध लागायला एकोणिसाव्या शतकातली बरीच दशकं खर्ची पडली.

मायकेल फॅरेडे यांनी 1823 मध्ये काचेच्या बंद नळीत क्लोरिनचा द्रव केला. पुढे त्यांनी आणि इतरांनी एकामागून एक वायू द्रवरूप केले. 1845 पर्यंत सहाच हट्टी वायू उरले : हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन. कितीही दाबले तरी ते वायूच राहत. वातावरणाच्या हजारो पट दाब देऊन पाहिला गेला, तरी उपयोग झाला नाही. त्यांना 'कायम वायू' असं नावच पडलं.

कोडं उलगडलं बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी. त्यांनी वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइडवर वेगवेगळ्या तापमानांना दाब देऊन पाहिला आणि 1869 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडला. 31 अंशांच्या खाली दाब वाढवला की त्या वायूचा द्रव होतो, दोघांमधली सीमारेषा नळीत डोळ्यांना दिसते. 31 च्या वर मात्र कितीही दाब द्या, ती रेषा उमटत नाही. वायू दाट होत जातो, बस. या तापमानाला क्रांतिक तापमान म्हणतात. प्रत्येक पदार्थाचं क्रांतिक तापमान वेगळं असतं.

दाब रेणूंना जवळ आणतो, ओढ मात्र वाढवत नाही. क्रांतिक तापमानाच्या वर चळवळ इतकी जोरदार असते की रेणू अगदी लगत आणले तरी ओढ त्यांना एकत्र बांधून ठेवू शकत नाही. पदार्थ द्रव होऊ शकतो की नाही हे तापमान एकट्याच्या बळावर ठरवतं ते इथे. त्याच्या खाली तापमान आणि दाब दोघं मिळून ठरवतात.

आता तुमच्या दोन टाक्या. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. त्यांची क्रांतिक तापमानं अनुक्रमे 97 आणि 152 अंश, म्हणजे नेहमीच्या हवेच्या बरीच वर. त्यामुळे 20 अंशांना ब्युटेनचा द्रव करायला वातावरणाच्या सुमारे दुप्पट दाब पुरतो आणि प्रोपेनला आठपटींच्या थोडा वर. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचं क्रांतिक तापमान उणे 82.6 अंश. खोलीच्या तापमानाला 200 पट दाब दिला काय किंवा 2000 पट दिला काय, तो द्रव होणार नाही. जहाजातून मिथेन द्रवरूपात न्यायचा तर उणे 162 अंशांपर्यंत थंड करतात. तेव्हा मात्र त्याला वातावरणाइतकाच दाब पुरतो आणि आकारमान सुमारे 600 पटींनी घटतं.

एलपीजीबद्दल आणखी एक उपयोगी गोष्ट. आत द्रव शिल्लक आहे तोवर सिलिंडरमधला दाब तापमानावरून ठरतो, उरलेल्या गॅसच्या प्रमाणावरून नाही. म्हणून दाबमापक पाहून किती गॅस उरला ते नीट कळत नाही, वजनच करावं लागतं. एकदम खूप गॅस वापरला तर सिलिंडरच्या बाहेरून दव किंवा कधी हिमही साचतं. द्रवाची वाफ होताना लागणारा अप्रकट उष्मा तो द्रव स्वतःतून आणि भांड्यातून काढून घेत असतो. आणि शुद्ध ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणून बर्फाळ थंडीत नुसत्या ब्युटेनवरची शेगडी पेटायला कुरकुरते. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, त्याला ही अडचण येत नाही.

त्या सहा वायूंची गोष्ट पुरी करतो. फॅरेडे यांनी 1845 च्या सुमारास गाठलेलं सर्वांत कमी तापमान सुमारे उणे 110 अंश होतं. ऑक्सिजनचं क्रांतिक तापमान उणे 118.6 अंश आहे. फक्त आठ-नऊ अंशांनी हुकलं! 1877 मध्ये फ्रान्समध्ये काय्यते आणि जिनिव्हात पिक्ते यांना ऑक्सिजनचं धुकं किंवा क्षणिक द्रव मिळाला. 1883 मध्ये क्राकोवमध्ये व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी भांड्यात स्थिर राहणारा द्रव ऑक्सिजन मिळवला. 1898 मध्ये जेम्स ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रवरूप केला. फॅरेडेंच्या यादीत नसलेला हेलियम सर्वांत शेवटी, 10 जुलै 1908 रोजी, लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत द्रव झाला. त्याचं क्रांतिक तापमान उणे 268 अंश आहे. सगळ्यांनी दाब वाढवण्याचा नाद कमी करून तापमान खाली नेण्यावर भर दिला, तेव्हा हे जमलं. तशी दिशा अँड्र्यूज यांच्या प्रयोगांनी दाखवली होती.

प्रश्न : क्रांतिक तापमानाच्या वर, खूप दाबाखाली पदार्थ नक्की काय असतो? द्रव की वायू?

दोन्हींपैकी एक नाव देण्याचा आग्रह तिथे टिकत नाही. त्याला अतिक्रांतिक प्रवाही म्हणतात. भांडं तो वायूसारखा पूर्ण व्यापतो, घनता द्रवाच्या जवळ जाऊ शकते आणि अनेक पदार्थ तो द्रवासारखे विरघळवतो.

एका प्रयोगात हे फार सुंदर दिसतं. जाड काचेच्या बंद नळीत योग्य प्रमाणात द्रव कार्बन डायऑक्साइड भरतात. खाली द्रव, वर त्याची वाफ आणि मधे स्पष्ट रेषा. नळी हळूहळू तापवली की द्रव प्रसरण पावून विरळ होतो, वरची वाफ दाट होत जाते, दोघांची घनता जवळ येऊ लागते. 31 अंशांना ती सारखी होते आणि मधली रेषा पुसली जाते. त्या क्षणी नळीतला पदार्थ दुधाळ दिसतो, कारण द्रवासारखे आणि वायूसारखे असंख्य लहानमोठे भाग सतत बनत-मोडत असतात आणि प्रकाश विखुरतात. उकळणं नाही, बुडबुडा नाही. रेषा नाहीशी होण्याचा हा प्रकार फ्रान्सचे कान्यार द ला तूर यांच्या 1822 मध्येच लक्षात आला होता. त्याचं गणित 1873 मध्ये व्हान डर वाल्स यांनी मांडलं. रेणूंना स्वतःचं आकारमान असतं आणि त्यांच्यात ओढ असते, या दोनच गोष्टी वायूच्या साध्या समीकरणात घातल्या की क्रांतिक बिंदू आपोआप बाहेर पडतो. या कामासाठी त्यांना 1910 चं नोबेल मिळालं.

पाण्याचा क्रांतिक बिंदू 374 अंश आणि वातावरणाच्या 218 पट दाब असा आहे. व्यवहारात कार्बन डायऑक्साइडचा जास्त उपयोग होतो, कारण 31 अंश आणि 73 पट दाब गाठणं सोपं. कॉफीच्या बियांतलं कॅफिन त्यानं काढतात. काम झाल्यावर दाब उतरवला की तो वायू होऊन निघून जातो, मागे काही उरत नाही.

प्रश्न : 'ड्राय आइस' वितळून ओला का होत नाही?

त्याचा द्रव होण्याइतका दाब हवेत नाही म्हणून. ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, आणि कार्बन डायऑक्साइड द्रव राहायला कमीत कमी वातावरणाच्या 5.1 पट दाब लागतो. त्याच्या खाली तापमान काहीही असो, घन नाहीतर वायू एवढेच दोन पर्याय. उघड्यावर ठेवलेला ड्राय आइस उणे 78.5 अंशांना थेट वायू होतो. याला संप्लवन म्हणतात. आग विझवायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यात 20 अंशांना दाब सुमारे 56 पट असतो, त्यामुळे आत तो द्रवच असतो. बंद खोलीत किंवा बंद गाडीत ड्राय आइस ठेवू नका, त्याच्या वायूनं जीव गुदमरतो. घट्ट झाकणाच्या बाटलीतही कधीच नाही, ती फुटते.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये तापवलेलं पाणी शांत दिसतं आणि चमचा घालताच उसळून अंगावर येतं, असं ऐकलं. हे खरं आहे का?

खरं आहे, आणि त्यानं चेहरा आणि हात भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

उकळायला बाष्पदाब बाहेरच्या दाबाएवढा व्हावा लागतो असं पहिल्या उत्तरात म्हटलं. पण बुडबुडा जन्मतो तेव्हा इवलासा असतो, आणि पाण्याचा पृष्ठताण त्याला चिरडायला पाहत असतो. बुडबुडा जितका लहान तितका हा चेपणारा दाब मोठा. म्हणून बुडबुड्याला सुरुवातीचा आधार लागतो : भांड्याच्या तळाचा ओरखडा, धुळीचा कण, फटीत अडकलेली हवा. शेगडीवरच्या भांड्याचा तळ सर्वांत गरम असतो आणि त्यावर असे आधार भरपूर असतात. मायक्रोवेव्ह पाण्यालाच तापवतो, कप त्या मानानं गार राहतो. कप गुळगुळीत काचेचा, पाणी स्वच्छ, आणि तेच पाणी एकदा तापवून पुन्हा तापवलेलं असेल तर विरघळलेली हवाही उरलेली नसते. मग पाणी उत्कलनबिंदूच्या काही अंश वर जाऊनही द्रवच राहतं. चमचा, साखर, कॉफीची पूड असं काहीही त्यात पडलं की हजारो बुडबुड्यांना एकदम जागा मिळते आणि साठलेली जास्तीची उष्णता क्षणात वाफ बनवते. थोड्याशा पाण्याची वाफही शेकडो पटींनी जागा व्यापते, ती उरलेलं गरम पाणी बाहेर फेकते.

टाळणं सोपं आहे. तापवण्याआधीच कपात लाकडी काडी किंवा लाकडी चमचा ठेवा. वेळ गरजेपेक्षा जास्त लावू नका, मधे एकदा थांबवून ढवळा. एकदा तापवलेलं पाणी परत तापवायचं असेल तर थोडं ताजं पाणी त्यात घाला. बंद झाल्यावर अर्धा मिनिट कपाला हात लावू नका, आणि कप उचलताना किंवा त्यात काही घालताना चेहरा त्याच्यावर आणू नका.